ऑर्डर रद्द होते, हप्ता रद्द होत नाही

चौदा एप्रिल उलटून दोन आठवडे झाले की आम्ही काम करतो त्या वस्त्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. कुणाच्या तरी घरात, कपाटावर नाहीतर पलंगाखाली, न फोडलेल्या पार्सलांचा ढीग पडलेला असतो. प्रत्येकावर कुरियरची चिठ्ठी असते : ग्राहकाने घेण्यास नकार दिला. ऑर्डर आली म्हणून पाठवलेला, गावोगाव फिरून परत आलेला हा माल.

यंदा अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. त्या ताई पदवीधर आहेत, त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. बचत गटाचे कर्ज उचलून ताईंनी जयंतीचे टी-शर्ट छापून घेतले, फोटो काढून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर टाकले, एका मोठ्या विक्री मंचावरही दुकान उघडले. ऑर्डर्स आल्या. मग फोन येऊ लागले. “ताई, राहू द्या.” “भावाने आधीच घेतलाय.” काहींनी फोनही केला नाही, दारात आलेल्या कुरियरवाल्यालाच परत पाठवले. सगळ्यात मोठा फटका बसला तो चाळीस टी-शर्टांच्या एका ऑर्डरचा. ती ऑर्डर एका जयंती मंडळाची होती. म्हणजे आपल्याच लोकांची. छपाई पूर्ण झाल्यावर, ११ तारखेला निरोप आला, “दुसरीकडे पन्नास रुपयांनी स्वस्त मिळाले, आपली ऑर्डर कॅन्सल समजा. जयभीम.”

ताईंनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. लोक ऑर्डर रद्द का करतात, आपले नाव आणि पत्ता पाहून तर नाही ना? आणि, मी हे सगळे बंद करू का?

गेल्या काही वर्षांत हे दोन प्रश्न आम्ही अनेक तरुण-तरुणींकडून ऐकले आहेत. म्हणून त्यांचे उत्तर एका घरात न देता इथे सर्वांसमोर मांडावे असे वाटले.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

ऑर्डर रद्द होणे तीन प्रकारचे असते आणि तिन्हींचा हिशेब वेगळा असतो. पहिला प्रकार, माल घरातून निघण्याआधीच ग्राहकाने नको म्हणणे. यात वेळ जातो, पण पैसा फारसा जात नाही. दुसरा, माल दारापर्यंत गेल्यावर तो न घेणे. पैसे माल मिळाल्यावर द्यायचे असतात, म्हणजे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’, तिथे हे सर्वाधिक घडते, कारण नको म्हणताना ग्राहकाच्या खिशातून काहीच जात नाही. तिसरा प्रकार, माल घेऊन, पाहून, कधी एकदा वापरूनही परत पाठवणे.

दुसऱ्या प्रकाराचा हिशेब मांडून पाहू. समजा, एक टी-शर्ट ३९९ रुपयांना विकला. कापड आणि छपाई २२० रुपये, पाकीट १० रुपये, कुरियर ७० रुपये. हातात राहिले ९९ रुपये. आता तोच टी-शर्ट ग्राहकाने घेतला नाही, तर जाताना ७०, येताना ७० आणि पाकिटाचे १०, असे १५० रुपये गेले. म्हणजे एक नकार दीड विक्रीची कमाई खातो. दहा ऑर्डर्सपैकी तीन परत आल्या तर सात विक्रींचे ६९३ रुपये वजा ४५० रुपये, उरले २४३. चार परत आल्या तर कमाई ५९४ आणि तोटा ६००. दहा पार्सले बांधून, दहा ग्राहकांशी बोलून खिशातले सहा रुपये गेले.

आणि हा हिशेब परत आलेला माल पुन्हा विकता येतो असे धरून आहे. जयंतीचे वर्ष छापलेला टी-शर्ट मे महिन्यात कोण घेणार? तो कापडाच्या किमतीसकट गेला. अशा तीन नकारांनी १,११० रुपये जातात, उरलेल्या सात विक्री मिळूनही ते भरून निघत नाहीत.

मोठ्या कंपनीसाठी हा धंद्याचा नेहमीचा खर्च असतो. ती तो किमतीत आधीच मिळवून ठेवते. तिच्याकडे गोदाम असते, परत आलेला माल पुढच्या ग्राहकाकडे जातो. आपल्या ताईंचे गोदाम पलंगाखाली आहे आणि भांडवल कर्जाचे आहे. पार्सल दोन-तीन आठवडे रस्त्यावर फिरते तेवढे दिवस तो पैसाही रस्त्यावर फिरतो. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तरी गटाचा हप्ता रद्द होत नाही. तो ठरल्या दिवशी भरावाच लागतो, आणि बहुतेक वेळा तो घरखर्चातून भरला जातो.

रद्द ऑर्डरने अपमान वाटतो हे खरे, पण आधी भांडवल जाते. आपल्या समाजात भांडवलच मुळात थोडे आहे. लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना आणि आशुतोष वार्ष्णेय यांनी २०१३ मध्ये आर्थिक गणनेच्या आकड्यांवरून दाखवले होते की २००५ साली देशातील उद्योगांपैकी ९.८ टक्के उद्योग अनुसूचित जातींच्या मालकीचे होते, तर लोकसंख्येतील वाटा होता १६.४ टक्के. ज्यांच्या घरात तीन पिढ्या दुकान आहे त्यांची मुले तोटा पचवायला लहानपणीच शिकतात. आपल्याकडे पहिल्या पिढीचा विक्रेता पहिल्याच हंगामात दहा नकार पाहतो, हे आपले काम नाही असे ठरवतो आणि पुन्हा भरतीच्या जाहिरातींकडे वळतो.

दार उघडले आहे, पण

सरकारी नोकऱ्या आटत असताना ऑनलाइन विक्रीचे दार मात्र थोडे उघडले आहे, हेही सांगायला हवे. पूर्वी विक्री मंचावर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही आपल्याच राज्यात मंचावरून माल विकता येतो. नागपूरच्या वस्तीतील बहीण पुण्याच्या ग्राहकाला मसाला विकू शकते, त्यासाठी बाजारपेठेत गाळा घ्यावा लागत नाही.

पण दार उघडणे आणि आत टिकून राहणे वेगळे. बाजाराचे नियम प्रामुख्याने ग्राहकाला नजरेसमोर ठेवून केलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’साठी ग्राहकांकडून जादा शुल्क घेतले जात असल्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. आपणही ग्राहक आहोत, त्यामुळे हे स्वागतार्हच. मात्र दारातून परत गेलेल्या पार्सलाचे दोन्ही वेळचे भाडे शेवटी कोण भरतो, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच येतो. तो विचारण्याइतके संघटित लहान विक्रेते अजून झालेले नाहीत.

कायदा काय म्हणतो?

आमच्याकडे येणारे बरेच जण रागाने म्हणतात, “त्याच्यावर केस करा.” आधी कायदा नीट समजून घेऊ.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० रोजी लागू झाले. त्यांत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. ई-कॉमर्स संस्थेने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केली तर ती तसेच शुल्क सोसणार नसेल, तर ग्राहकाने रद्द केल्याबद्दल त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही. म्हणजे नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा. आपण व्हॉट्सॲपवर विकत असलो तरी हेच तत्त्व पाळावे. “तुम्ही रद्द केले तर शंभर कापू” असे लिहायचे असेल, तर “आम्ही रद्द केले तर पूर्ण रक्कम आणि वर शंभर देऊ” असेही लिहायची तयारी हवी.

याच नियमांनुसार मंचावर विकणाऱ्याला माल सदोष असेल, खोटा असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. आपत्कालीन कारणाने झालेला उशीर तेवढा अपवाद. जयंतीच्या मालासाठी हे फार महत्त्वाचे. ‘१२ एप्रिलपर्यंत मिळेल’ असे लिहिले आणि पार्सल १६ तारखेला पोहोचले, तर ग्राहकाचा नकार हा त्याचा हक्क आहे. तिथे चूक आपली. ताईंच्या ढिगातली काही पार्सले अशीच होती, हे त्यांनी स्वतः मोजून मान्य केले.

आता दुसरी बाजू. सांगितल्याप्रमाणे, वेळेवर दिलेला माल ग्राहकाने विनाकारण घेतला नाही, तर १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे विक्रेता नुकसानभरपाई मागू शकतो. पण चारशे रुपयांसाठी कोणी कोर्टात जात नाही, जाऊही नये. चाळीस टी-शर्टांच्या ऑर्डरमध्ये मात्र हा कायदा उपयोगी पडतो, आणि तोही सौदा लिहून ठेवलेला असेल तरच. ताईंकडे मंडळाचा कागद नव्हता, आगाऊ रक्कम नव्हती. “चाळीस पीस फिक्स ताई” एवढा एक निरोप आणि अंगठ्याचे चित्र होते.

नाव, पत्ता आणि जात

आता ताईंचा पहिला प्रश्न. आपले नाव पाहून लोक ऑर्डर रद्द करतात का?

हा प्रश्न कल्पनेतून आलेला नाही. त्याला इतिहास आहे. परदेशातून शिकून आल्यावर आणि बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. म्हणजे कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचीही ऑर्डर रद्द झाली होती, आणि सल्ल्यात खोट होती म्हणून नव्हे.

अलीकडचे पाहू. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये एक अभ्यास मांडला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आडनावाच्या अर्जदारांना पुढे बोलावले जाण्याची शक्यता कमी दिसली. जुलै २०१९ मध्ये जबलपूरमधील एका ग्राहकाने जेवण आणणारा माणूस हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि ते स्वतःच समाजमाध्यमावर जाहीर केले. अन्नाला धर्म नसतो, असे उत्तर त्या कंपनीने दिल्याचे अनेकांना आठवत असेल. जून २०२२ मध्ये लखनऊत जेवण पोहोचवणाऱ्या एका दलित तरुणाने तक्रार केली की जात कळल्यावर ग्राहकाने त्याच्या हातून जेवण घ्यायला नकार दिला आणि त्याला मारहाण झाली. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी तो नाकारला होता, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्या राज्यात नावाइतकाच पत्ताही बोलतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. पण पार्सलावर पाठवणाऱ्याचा पत्ता ‘भीम नगर, बुद्ध विहाराजवळ’ असा असेल तर घेणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. कपड्यापेक्षा खाद्यपदार्थांत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण शिवाशिवीची सवय ताटात सगळ्यात आधी दिसते. मसाले, पापड, चटण्या विकणाऱ्या बहिणींना “तुमचं पूर्ण नाव काय?”, “तुम्ही कुठल्या?” असे प्रश्न येतात आणि मग संभाषण थांबते. ते का थांबले, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

तरीही आम्ही ताईंना म्हणालो, सगळे नकार एका पोत्यात भरू नका. त्यांच्या ढिगातल्या प्रत्येक पार्सलाची आम्ही मिळून यादी केली. काही उशिरा पोहोचले होते. काहींचा पत्ता अपुरा होता आणि फोन बंद होता. काहींना माप चुकेल अशी भीती वाटली. काहींचा पगार झालेला नव्हता. एका ठिकाणी कुरियरवाला गेलाच नव्हता, त्याने घरी बसूनच ‘नकार’ नोंदवला होता, असे ग्राहकाने फोनवर सांगितले. आणि ते टी-शर्ट तर जयंतीचे होते, घेणारे जवळजवळ सगळे आपलेच होते. तिथे जात पाहून रद्द करण्याचा प्रश्नच कुठे येतो?

प्रत्येक नकारात जात पाहिली तर स्वतःची सुधारता येणारी चूक आपण कधीच सुधारणार नाही. जात कुठेच नाही असे मानले तर खरा भेदभाव आपल्या अंगावर ‘धंदा येत नाही’ या शिक्क्याने बसतो. दोन्हीत नुकसान आपलेच. याला उपाय एकच, नोंद.

वही घाला

शंभर पानांची वही पुरेल. तारीख, वस्तू, रक्कम, आगाऊ की रोख, जिल्हा, कोणत्या टप्प्यावर रद्द, ग्राहकाने सांगितलेले कारण, आपल्याला वाटलेले कारण. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. पन्नास नोंदी झाल्या की स्वतःलाच दिसू लागेल : रोखीच्या ऑर्डर्स जास्त परत येतात का, एखाद्या कुरियरकडूनच येतात का, नाव विचारल्यानंतर किती थांबल्या. जात हे कारण असेल तर ते पुराव्यासह समोर येईल, नसेल तर मनावरचे ओझे उतरेल.

वहीसोबत काही सवयी लावून घ्याव्यात. त्या आम्ही काम करताना इतरांकडून शिकलो, त्यांतल्या काही चुका करून शिकलो.

माल बांधण्याआधी फोन करा. वस्तू, माप, रंग, रक्कम आणि पोहोचण्याची तारीख पुन्हा सांगा, मग तेच व्हॉट्सॲपवर लिहून ‘हो’ मागून घ्या. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा करा, तरी उत्तर नसेल तर माल पाठवू नका. मंचावर विकत असाल तर तिथले नियम आधी वाचा. कोणत्या प्रकारच्या परतीचे भाडे विक्रेत्यावर पडते हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

थेट विक्रीत निदान कुरियरचा खर्च आगाऊ मागा. शंभर रुपये यूपीआयने पाठवणारा माणूस सहसा दारातून माल परत पाठवत नाही. नाव, वर्ष किंवा मंडळाचे बोधचिन्ह छापायचे असेल तर निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय छपाईला देऊ नका. ओळखीच्यांना तर नक्कीच नाही, कारण ओळखीच्यांकडे नंतर पैसे मागणे अधिक अवघड जाते.

सणाच्या मालाची ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख जाहीर करा आणि पाळा. चौदा एप्रिलसाठी परगावच्या ऑर्डर्स एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच थांबवाव्यात. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरलाही तेच. वर्ष न छापलेला माल जास्त ठेवा, तो पुढच्या वर्षीही विकता येतो.

ग्राहकाने रद्द केले की भांडू नका. एवढेच लिहा : “ठीक आहे दादा. तुमची आगाऊ रक्कम तीन दिवसांत परत करतो. रद्द करण्याचे कारण सांगितलेत तर पुढे सुधारणा करता येईल.” पैसे सांगितलेल्या दिवशी परत करा. यातले काही ग्राहक पुन्हा येतात. रद्द करणाऱ्याचा फोन नंबर किंवा फोटो गटात टाकून बदनामी करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे, आणि उद्या तीच आपल्यावर उलटू शकते.

परताव्याच्या नावाखाली फसवणूकही होते. “चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा” म्हणून खोटा स्क्रीनशॉट येतो, किंवा पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करायला सांगतात. आधी बँक खाते तपासा. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

आणि कोणी जात काढून ऑर्डर रद्द केली, शिवी दिली, तर उत्तरात शिवी देऊ नका. निरोप पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ नोंदवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे, आणि व्यवहार करण्यास नकार देणे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत येते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हे संरक्षण आहे. पण एका ग्राहकाने कारण न सांगता रद्द केलेली ऑर्डर या कायद्यात बसवता येणार नाही, हे स्पष्ट समजून घ्या. गावाने ठरवून माल घेणे बंद केले किंवा जातिवाचक अपमान उघड झाला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

नाव बदलून विकावे का, असे काही जण विचारतात. दुकानाला कोणते नाव द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पोटासाठी तटस्थ नाव घेणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण मंचावर विक्रेत्याचा तपशील आणि पत्ता ग्राहकाला दिसावा असा नियमच आहे, त्यामुळे लपणे फार काळ टिकत नाही. नाव लपवण्यात जाते ती शक्ती मालाच्या दर्जात आणि वेळेवर पोहोचवण्यात घातलेली बरी.

आपण ग्राहक असतो तेव्हा

आता सगळ्यात अवघड भाग. चाळीस टी-शर्टांची ऑर्डर रद्द करणारे मंडळ आपले होते. त्या मंडळात आमच्या ओळखीचे कार्यकर्ते आहेत. त्यांना भेटून विचारले तेव्हा ते मनापासून म्हणाले, “वर्गणीचा पैसा आहे, दोन हजार वाचत होते.” त्यांचेही खोटे नव्हते. पण ते वाचलेले दोन हजार रुपये एका घराच्या हप्त्यातून आले होते, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. आम्ही हिशेब दाखवला तेव्हा दोघे जण गप्प बसले. तिसऱ्याने विचारले, “मग आता काय करायचं?” वर्ष छापलेले ते टी-शर्ट अजून ताईंकडेच आहेत. मंडळाने छपाईचा निम्मा खर्च हप्त्याने देण्याचे कबूल केले आहे. पहिला हप्ता आला आहे.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्या भाषणांत नेहमी येते. अस्पृश्य माणसाच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलात लोक चहा प्यायला जाईनात, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. ती सांगताना आपण महाराजांचे मोठेपण सांगतो. त्यातला धंद्याचा धडा मात्र विसरतो. नव्या विक्रेत्याला सर्वांत आधी हवा असतो उघडपणे येणारा, पुन्हा पुन्हा येणारा आणि शब्द न फिरवणारा ग्राहक. ती जागा आज आपल्यातल्या नोकरदारांना, शिक्षकांना, मंडळांना, संघटनांना घेता येईल.

‘आपल्या माणसाकडून घ्या’ अशी आवाहने आपण दरवर्षी करतो. त्याच्या पुढे तीन गोष्टी जोडाव्यात. घ्यायचे ठरवले तर निम्मी रक्कम आगाऊ द्या. रद्द करायचेच असेल तर छपाईआधी कळवा. आणि दर परवडत नसेल तर ऑर्डर देण्याआधी घासाघीस करा, दिल्यानंतर नको.

विहारांनाही यात काम आहे. रविवारी वंदनेला लोक येतातच. त्याच वेळी स्थानिक ऑर्डर्सची पार्सले विहारात घेता आली, तर कुरियरचे भाडे वाचेल, पत्ता चुकणार नाही, ग्राहक वस्तू पाहून, माप घालून घेईल आणि बाहेर फिरून परत येणारा माल कमी होईल. विक्री करणाऱ्या दहा-पंधरा जणांनी मिळून प्रत्येक विक्रीमागे पाच-दहा रुपये बाजूला काढले, तर परत आलेल्या मालाचा फटका एका घरावर पडणार नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा आपत्तीच्या वेळेसाठी. आपले तरुण विक्रेते पहिले तीन भाग करतात, चौथा करायचे राहून जाते. परत आलेले पार्सल ही धंद्यातली नेहमीची आपत्ती आहे आणि तिचा भाग आधीच काढून ठेवायचा असतो.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही. ते त्यांनीच दिले. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नवीन वही घातली आहे, वर्ष न छापलेले टी-शर्ट करणार आहेत, आणि ऑक्टोबरसाठी एका मंडळाने विचारणा केली आहे. “आधी निम्मे पैसे मागितले,” त्या म्हणाल्या. “थोडे नाराज झाले. पण पाठवले.”

हे मंडळ तुमचे असेल, तर नाराज होऊ नका. उरलेले पैसेही वेळेवर पाठवा.

जयभीम! नमो बुद्धाय!